ओल्या चुन्यातला आवाज

राजधानीच्या मुख्य स्थानकातल्या जुन्या उद्घोषणा-कक्षाचं आता संग्रहालय होणार होतं, आणि सोमवारी तिथे लागणाऱ्या फलकावर अकरा मृत्यूंना जबाबदार म्हणून शर्वरी टिपणीसच्या आजोबांचं नाव येणार होतं. १९६१ साली गाडी नऊ नंबरच्या फलाटावर येत असताना दत्ताराम टिपणीसांनी चार नंबर पुकारला आणि पुलावर चेंगराचेंगरी झाली. फोनवर चारच सांगितलं होतं, हे आजोबा मरेपर्यंत घोकत राहिले. घरात कुणी त्यावर शंका घेतली नाही. छातीच नव्हती कुणाची!

संग्रहालयाने बोलावलेले ध्वनितज्ज्ञ डॉ. नायकसाटम यांनी कक्षाच्या भिंतीला भोक पाडून ध्वनिवाचक लावला होता. ओला चुना आवाजाची थरथर धरतो आणि वाळला की ती त्यात कायमची राहते, असं त्यांनी समजावलं. चेंगराचेंगरी झाली त्या आठवड्यात कक्षाला नवा गिलावा होता. शिवाय फोनवरचा हुकूम मोठ्याने परत म्हणायचा, हा रेल्वेचा दंडकच.

त्यांनी एक तुकडा ऐकवला. "चार नंबर. बरोबर, चार."

आजोबांचाच आवाज! शर्वरीचे डोळे भरून आले. पण हा माणूस मान खाली घालून का बसलाय? यंत्राच्या पडद्याचा कोपरा हाताने का झाकतोय? तिला वास आलाच. तुकडा बनावट असणार, उद्या हेच लोक तो खोटा ठरवून आजोबांना दुसऱ्यांदा बुडवणार.

"हात काढा, डॉक्टर. किती आत मिळालं हे?"

"तीन मिलिमीटर. टिपणीसबाई, एवढ्यावर थांबा. फलक मी बदलून घेतो."

"सगळं ऐकवा."

त्यांनी नाइलाजाने वरच्या थरापासून सुरुवात केली. एक मिलिमीटरवर आजोबा शांतपणे म्हणाले, "नऊ नंबर. बरोबर, नऊ." दोनवर लांबून किंकाळ्या. तीनवर "चार नंबर" चार वेळा, दर वेळी जरा जास्त ठाम.

"चुना बाहेरून आत वाळतो," डॉक्टर हळूच म्हणाले. "आतलं ते नंतरचं."

म्हणजे चेंगराचेंगरीनंतर आजोबा खोट्याचा सराव करत होते. शर्वरीला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त कीव आली. आपण संशय घेतला तो नेमका भल्या माणसावर, हेही तिला लागलं.

डॉक्टरांनी विचारलं, फलकावर काय लिहायचं?

शेवटचाच तुकडा खरा धरा, असं म्हणायला तिने तोंड उघडलं. तेवढ्यात यंत्रासाठी पाडलेल्या भोकाकडे तिची नजर गेली. गवंड्याने ते सकाळीच बुजवलं होतं. चुना अजून ओला होता.

"नऊ," ती म्हणाली. "त्यांनी नऊच ऐकलं होतं."