बाळसं

सांगलीत सुटलेलं पोट आता औषधालाही सापडत नसे. लग्नाच्या पंगतीत माणसं जिलेबीवर आडवा हात मारत आणि सदरे आत खोचून ताठ मानेने घरी जात. बैठका नाहीत, सकाळचं कोमट पाणी नाही. एक गोळी घेतली की झालं. त्या गोळीत ‘सपाटक’ असे, म्हणजे प्रयोगशाळेत घडवलेला एक जिवाणू. तो आतड्यात बिऱ्हाड करी आणि अंगात जास्तीची चरबी दिसली की जेवणातलं सत्त्व रक्तात उतरण्याआधीच फस्त करी. आयत्या मिळालेल्या सपाट पोटाची जास्त चौकशी कोण करतो?

गोळी घेताना शशांकनेही केली नव्हती. आज मात्र तो मिरजेच्या एका इस्पितळात डॉ. तस्नीम काझींसमोर बसला होता. त्याची आठ महिन्यांची भाची इरा वाळून काडी झाली होती. खायची मात्र वखवखल्यासारखी.

“इराच्या आतड्यात सपाटक आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “गोळी कुणी दिली?”

“अहो, बाळाला कोण देईल? आणि कंपनी तर सांगते, एकाचा दुसऱ्याला लागत नाही.”

“मोठ्यांना लागत नाही. सपाटकाचं बी लाळेत येतं, पण मोठ्यांच्या जठरातलं आम्ल ते जाळून टाकतं. म्हणून तर गोळीला कवच असतं. तान्ह्याचं आम्ल कमजोर. तिला कुणी उष्टं भरवलं होतं का?”

शशांकला आठवलं. उष्टावणीला पहिला घास मामाचा. त्याने सोन्याची अंगठी खिरीत बुडवली, गरम तर नाही ना म्हणून आधी स्वतः चाखली आणि तीच इराच्या जिभेला लावली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

“मी,” तो म्हणाला. “पण मला त्याने कधी त्रास दिला नाही.”

“तुमचं पोट सपाट झालं की तो थांबतो. त्याला मोजमाप मोठ्या माणसाचं शिकवलंय. बाळसं आणि ढेरी यांतला फरक त्याला कळत नाही. आणि बाळाचा तर मेंदूसुद्धा त्याच सत्त्वावर वाढतो.”

“मग मारा ना त्याला!”

“औषधाने मरत नाही. जन्मभर टिकावा असाच घडवलाय. त्याची उपासमार करायची, एवढाच उपाय. शिरेतून जमेल तेवढं अन्न देऊ, पण तोंडातून थेंबही नाही. आईचं दूधसुद्धा नाही.”

“किती दिवस?”

“तो मरेपर्यंत.” डॉक्टर म्हणाल्या. “इरा तोवर तग धरेल, असं वचन मी देऊ शकत नाही. पण पाजत राहिलात तर ती नक्की जाईल. आता तिच्या आईला सांगायला हवं.”

“मी सांगतो,” शशांक म्हणाला. आपण केलं ते आपणच निस्तरावं, एवढंच त्याला सुचलं.

खोलीत मृण्मयी लेकीला पदराखाली घेऊन बसली होती. कित्येक दिवसांनी ती हसत होती.

“दादा, बघ ना, कशी चटाचटा पितेय! भूक लागलीय माझ्या सोनीला.”

शशांक सांगायला म्हणून जवळ गेला. पण एकेक घोट कुणाच्या मुखी पडतोय हे त्याला दिसत होतं. स्वतःचा भयंकर राग आला त्याला. त्याने वाकून इराला आईच्या अंगावरून ओढून घेतलं.

इराने टाहो फोडला. मृण्मयी त्याचा दंड धरून गदागदा हलवू लागली.

“अरे, काय करतोस? भुकेली आहे ती! दे तिला इकडे!”

इरा मामाच्या छातीवर तोंड घासत दूध शोधू लागली. शशांकने तिला आणखी घट्ट धरलं.