तिसरी हाक

दिवे गेलेत ते बरंच झालं. ठेवा ते मोबाईल खाली. उद्या पहाटे कळसूबाईला निघताय ना सगळे? बॅगा भरल्या, बिस्किटं घेतली, फोटोसाठी गॉगलही घेतले असतील. मग ही एक गोष्टही घेऊन जा बरोबर. ऐकीव नाही. पलीकडच्या गल्लीत राहायचा तो वैजनाथ, लेथवरचा, त्याच्यावर गुदरलेली आहे आणि त्याने स्वतःच्या तोंडाने मला, या आप्पासाहेबाला, सांगितलेली आहे. पटली तर ठेवा, नाहीतर गच्चीवरच सोडून जा.

वैजनाथ आणि त्याचा थोरला भाऊ सहादेव मूळचे पाथर्डीकडचे. इथे नागापूरला आले, एकाच वर्कशॉपमध्ये लागले. दोन खोल्यांत त्यांची आई झुंबरबाई, सहादेवची बायको रेश्मा आणि हे दोघे. बाप लवकर गेला. आई ऊसतोडीला जायची तेव्हा फडाच्या कडेला धाकट्याला सांभाळायचा तो सहादेवच. स्वतः दहा वर्षांचा असेल नसेल. ताप आला की उशाला दादा, शाळेत मार खाल्ला की भांडायला दादा. वैजनाथला मिसरूड फुटलं तरी रस्ता ओलांडताना सहादेव त्याचं मनगट धरायचा. गल्लीतली पोरं हसायची. या दोघांना त्याचं काही नव्हतं.

मग सहादेवला अपघात झाला. डावा पाय गुडघ्याखाली चुरला. डॉक्टरांनी आशा सोडली होती, झुंबरबाईने सोडली नाही. तिने नवस बोलला, "पोरगं उभं ऱ्हाऊ दे, कळसूबाईची ओटी भरीन. अन् त्यो सोताच्या पायानं चढून यील." पाय जुळला. चालताना तेवढा ओढत राहिला. एक पाऊल टाकल्याचा आवाज, एक ओढल्याचा. दारात यायच्या आधीच घरात कळायचं, दादा आला.

दोन वर्षांपूर्वी, कार्तिकातल्या अमावस्येच्या शनिवारी, नवस फेडायला निघाले. अमावस्या म्हातारीला पटत नव्हती, पण दोघा भावांना मिळून सुट्टी तेवढीच जमत होती. सुनील म्हणून दोघांचा मित्र, त्याची जीप. झुंबरबाईला डोंगर चढवणार नव्हता, आणि मोतीबिंदूने डोळेही गेल्यातच जमा होते. तिने खण-नारळ रेश्माच्या पिशवीत घातला. सहादेवच्या गळ्यात त्याचा तपकिरी मफलर स्वतः गुंडाळला. या मफलरला वेल्डिंगची ठिणगी उडून भोक पडलं होतं. डोळे शाबूत होते तेव्हा तिनेच ते रफू केलं होतं, आणि तपकिरी दोरा घरात नव्हता म्हणून लाल दोऱ्याने.

"ऐका," ती म्हणाली. "डोंगरात अंधार पडला तर पहिल्या हाकेला ओ देऊ नका. दुसरीलाबी न्हाई. मानूस आसंल तर तिसरी हाक मारंल. त्या दुसऱ्याला दोनच येत्यात. अन् बिनाबत्तीचं कुनी संगट चालाया लागलं तर त्याच्या त्वांडाकडं बघू नका, बोलू नका. गुमान वाट धरा."

"अगं आई, सांजच्यापातुर खाली येतोय आमी," सहादेव हसून म्हणाला.

संगमनेरच्या अलीकडे जीप पंक्चर झाली. स्टेपनीतही हवा नव्हती. सुनीलची गाडी म्हटल्यावर दुसरं काय होणार? बारी गावातून चढायला लागले तेव्हा दुपार कलली होती. उतरणारे लोक म्हणत होते, आता जाऊ नका. पण आईचा नवस असा अर्ध्यातून माघारी नेता येतो का? सहादेव घाम पुशीत, पाय ओढत चढला. लोखंडी शिड्यांवर वैजनाथ त्याच्या मागे राहिला, तो घसरला तर झेलायला. देवळापाशी पोचले तेव्हा सूर्य टेकला होता. रेश्माने ओटी भरली. सहादेव उंबऱ्यावर डोकं टेकवून रडला, आणि त्याला बघून वैजनाथही रडला. एवढं सुख त्या घरात फार वर्षांनी आलं होतं.

उतरताना अंधाराने गाठलंच. पुढे सुनील, मग रेश्मा, मग सहादेव, तिघांच्या हातात बॅटऱ्या. सगळ्यात मागे पिशव्या घेऊन वैजनाथ, मोबाईलच्या उजेडात. एका शिडीच्या शेवटच्या पायरीवरून त्याचा पाय सटकला. घोटा मुरगळला. मोबाईल हातातून उडून दरीत गेला.

खाली वळणावर तीन उजेड चालले होते.

"दादा!"

उजेड थांबले नाहीत. ठीक आहे, पहिली हाक. त्याने पुन्हा जीव खाऊन हाक मारली.

"दादा!"

सगळ्यात मागचा उजेड थांबला. वळला. वर यायला लागला. वैजनाथचा जीव भांड्यात पडला. मग तो उजेड एका खडकाआड गेला... आणि लगेच बाहेर आला. पण वर नाही आला. खाली जाऊन बाकीच्या दोघांत मिसळला.

"दादा... ए दादा!"

तिसरी हाक. आता तिघेही थांबले. दोन क्षण उभे राहिले. ऐकलं त्यांनी, नक्की ऐकलं. आणि तिघेही भराभरा खाली निघाले.

वैजनाथला आधी काही समजलंच नाही. समजलं तेव्हा पायापेक्षा छाती जास्त दुखायला लागली. ज्याला झेलायला आपण दिवसभर मागे चाललो, तो आपल्याला अमावस्येच्या अंधारात टाकून गेला. परका जाता तर शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. हा दादा होता. डोळ्यांत पाणी आलं तेही रागाचं.

उजेड दिसेनासे झाले.

वारा पडला.

आणि मग... खालून, अगदी जवळून...

"ओ."

दादाचा आवाज.

बत्ती नाही. काही नाही. नुसता अंधार. खालच्या शिडीची पायरी वाजली. मग तिच्या वरची. एक टाकलेला पाय... एक ओढलेला. एक टाकलेला... एक ओढलेला.

"आलो रं, वैजू. हालू नगंस."

तीन उजेड तर गेले. डोळ्यांनी बघितले. मग हे कोण?

वैजनाथने डोळे गच्च मिटले.

कुणीतरी त्याच्या पायाशी बसलं. धापा टाकत होतं. गळ्यातलं काहीतरी सोडून त्याच्या घोट्याला आवळून बांधलं. हात घामाने ओले होते.

"बॅटरी गेली माजी. वळनावं... कुनीतरी हातातनं वढून घेतली." थोडा वेळ नुसता श्वास. "जाऊ दे. ऊठ."

मनगट धरलं. लहानपणी धरायचा तसं.

निघाले. वैजनाथ मान खाली घालून. डोळे आपल्याच पायाशी. शेजारी ते पाऊल... टाकलेलं... ओढलेलं.

"लागलंय का लई?"

वैजनाथ गप्प.

"बोल की रं."

गप्प.

"वैजू... रागावलास व्हय माज्यावं?"

त्याने ओठ दातांखाली धरला. रक्ताची चव आली, पण शब्द बाहेर जाऊ दिला नाही. आईने सांगितलं होतं, बोलायचं नाही. बघायचं नाही. किती वेळ चालले, कुणास ठाऊक. शिड्या संपल्या. उतार संपला. शेतं लागली. कुत्री भुंकायला लागली. पहिल्या घराचा दिवा दिसला.

तिथे ते पाऊल अडलं.

"वैजू, जरा थांब. पाय उचलंना माजा."

दिवा समोर होता. अगदी समोर.

"थांब रं जरा. मी हितंच बसतो..."

वैजनाथने मनगट हिसकलं आणि मुरगळल्या पायाने पळत सुटला.

"वैजू!"

पळतोय...

"वैजू!"

त्याने दोन्ही कान हातांनी दाबून धरले. तिसरी ऐकायची नव्हती.

जीप बारीतल्या हॉटेलपाशी उभी होती. आत सहादेव बसला होता. गळ्यात मफलर, मांडीवर बॅटरी. कधीचा पोचला होता. त्याला बघून वैजनाथची भीती कुठल्या कुठे गेली आणि नुसता संताप उरला. त्याने सहादेवची गचांडी धरली.

"तीनदा हाक मारली तुला! तीनदा! भाऊ हायेस का कोन हायेस तू?"

सहादेव बोलला नाही. नुसता बघत राहिला. सुनीलच मान खाली घालून म्हणाला, "वैजू, दुसऱ्या हाकेला त्यो माघारी फिरला व्हता रं. आमी म्हनलं, तिसरीची वाट बघ. ऐकंना. गेला, अन् लगीच आलाबी. म्हनला, वैजू न्हाई त्यो, चला. तिसरी आली तवा मी थांबलो व्हतो. पर सख्खा भाऊच चला म्हनल्यावं मी काय करू?"

रेश्मा तोंडाला पदर लावून रडत होती. त्याच रात्री जीप नागापूरला परतली.

रविवारी सकाळी गल्लीभर एकच बोलबाला. सहादेव सरळ चालायला लागला! पाय ओढत नाही! देवी पावली! बायका झुंबरबाईच्या पाया पडून गेल्या. वैजनाथ आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होता. भावाचं तोंड बघायचं नाही, आजच सामान घेऊन वेगळं व्हायचं, एवढंच त्याच्या डोक्यात. बूट चढवायचा म्हणून त्याने घोट्याची पट्टी सोडली.

तपकिरी मफलर. त्याला लाल दोऱ्याचं रफू.

त्याने वर बघितलं. खुंटीला सहादेवचा मफलर होता. तपकिरी. त्यालाही तिथेच लाल दोऱ्याचं रफू.

दोन्ही घेऊन तो आईपाशी गेला. तिच्या मांडीवर ठेवले.

"आई, यातला तुज्या हातचा कोनचा?"

म्हातारीने खुंटीवरचा चाचपला. रफूवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. "ह्यात टाकाच न्हाई रं. बोटाला काईच लागंना." मग दुसरा घेतला, घोट्याचा, मातीने माखलेला. "ह्यो माजा. शेवटाला दोन गाठी मारते मी. ह्या बघ. कुठं व्हता ह्यो?"

वैजनाथने सगळं सांगितलं. शिडी, ओ, धरलेलं मनगट. ती ऐकत राहिली. मफलर मुठीत आवळत राहिली.

"हात गार व्हते का त्याचे?"

"न्हाई. घामानं वल्ले व्हते."

"बोललास का त्याच्याशी?"

"तूच म्हनली व्हतीस, बोलू नगंस..."

म्हातारीचं बोट त्या दोन गाठींवर थांबलं.

"थांब म्हनला तवा... थांबलास?"

दादाला तिसरी हाक लागलीच नव्हती. तो दुसरीलाच निघाला होता.

दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं. दोन्ही पायांवर, सरळ. आलेलं घरात कुणालाच कळलं नव्हतं. म्हातारीने आंधळे डोळे तिकडे वळवले.

"सहादेवा..."

...

"सहादेवा..."

...

"माज्या सहादेवा...?"

ओ आली नाही.

तो पुढे आला. वाकून तिच्या मांडीवरचा, गाठी नसलेला मफलर उचलला, गळ्यात गुंडाळला आणि सरळ पावलं टाकत बाहेर गेला. दुसरा म्हातारीच्या मुठीत राहिला. त्याची माती अजून ओली होती.