शून्य पॉइंट एकवीस

पिपरी मेघेची इलेक्ट्रिशियन प्रेरणा अल्लीपूरच्या त्या शेतावर पोचली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. काम साधंच होतं. अनुसयाबाईंच्या विहिरीवर नवीन मोटर बसवायची, त्याआधी जुनी वायरिंग तपासायची. आयटीआय केल्यापासून सात वर्षं ती हेच करत आली होती, आणि तिच्या हातचं काम सहसा परत येत नसे.

मोटरघराचं कुलूप दोन वर्षांत दुसऱ्यांदाच उघडलं. इथंच मोटर सुरू करताना अनुसयाबाईंचे यजमान, प्रभाकरराव, शॉक लागून गेले होते. विहिरीत पाणी असून लिंबाची बाग वाळत चालली होती. आधी आलेला मेकॅनिक दहा मिनिटांत पळाला होता. पिशवी न्यायलाही परतला नाही.

आत जळक्या वार्निशचा वास कोंडला होता. जुनी मोटर कधीच काढून नेलेली. भिंतीवरून उतरलेल्या दोन वायरी नुसत्याच लोंबत होत्या.

"करंटले जायले वाट लागते काकू, अन् परत यायलेही," प्रेरणा म्हणाली. "मोटर नाई, म्हणजे वाट तुटली. करंट शून्य. हे पाहा."

तिनं मीटरचा चिमटा फेजच्या, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरीभोवती अडकवला. काचेवर आकडा उमटला. ०.२१ अँपिअर.

तिनं चिमटा काढला. शून्य. न्यूट्रलला, परतीच्या वायरीला लावला. शून्य. पुन्हा फेजला लावला. ०.२१.

गळती असणार. निघालेला करंट परत न येता कुठूनतरी जमिनीत उतरतोय. तिनं मेन स्विच पाडला, फ्यूज काढून खिशात टाकले. आकडा तसाच. मग तिनं वायरच मेनमधून सोडवली. आता दोन्ही टोकं मोकळी होती.

०.२१.

बाहेर उन्हानं लाही होत होती, तरी तिच्या मानेवर गारवा उतरला. खोलीत बारीक गुणगुण चालू होती... दात घट्ट आवळलेल्या माणसाच्या घशातून यावी तशी.

"किती दाखवून राह्यलं, बाई?" अनुसयाबाईंनी दारातूनच विचारलं.

"माणसाच्या अंगातून जाईल... तेवढं."

अनुसयाबाईंनी उंबरा ओलांडून आकडा पाहिला. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे त्यायनं वायर अजून सोडलीच नाई..."

प्रेरणाला पळावंसं वाटलं. गाडी बांधावरच उभी होती. पण आकडा समोर होता, आणि आकडा असला की त्याचं काहीतरी करता येतं, एवढं तिला ठाऊक होतं.

"अर्थिंग कुठं हाये काकू? करंट जमिनीत उतरवाची तार?"

"नव्हतीच. पुढच्या साली करू, म्हणत."

तिनं कुदळ मागितली. मोटरघराच्या मागं खड्डा खणला, गाडीवरचा तांब्याचा रॉड ठोकला. अनुसयाबाईंनी चुलीतला कोळसा आणला, घरचं मीठ आणलं, दोन कळशा पाणी ओतलं. प्रेरणानं फेजच्या वायरीचं मोकळं टोक ओढून रॉडला आवळलं. नट पक्का बसला, तसा तिनं चिमटा पुन्हा त्या वायरीला लावला.

"आता जाऊ द्या जी..." अनुसयाबाई भिंतीकडं पाहून म्हणाल्या. "हात मोकळा करा."

०.२१... ०.१६... ०.०७...

आत कुणीतरी लांब श्वास सोडला. शून्य.

सांज व्हायच्या आत नवीन वायर टाकून मोटर बसली. पाणी पहिल्या लिंबाच्या आळ्यात पोचलं, तेव्हा अनुसयाबाई पदराआड रडल्या. प्रेरणानं फेज मोजला, न्यूट्रल मोजला. दोन्हीकडं सारखे सात अँपिअर. जेवढा गेला तेवढा परत आला.

"उन्हाळाभर त्या खड्ड्यात रोज बादलीभर पाणी टाकजा," तिनं जाताना बजावलं. "माती ओली पाह्यजे, तरच करंट जमिनीत उतरते."

पंधरा दिवसांनी ती सहज डोकावली. बागेला पालवी फुटली होती. खड्ड्याची माती गच्च ओली होती.

"छान काकू. रोज टाकता वाटते?"

अनुसयाबाईंनी तिच्याकडं पाहिलं.

"मी एकही दिवस टाकलं नाई, बाई. मले वाटलं... तूच येऊन टाकून राह्यली."

प्रेरणानं वाकून माती चाचपली. विहिरीचं पाणी गार होतं. मातीतलं हे पाणी कोमट होतं, माणसाच्या अंगासारखं.