विमलबाईंचा फिल्टर

मी वॉशिंग मशीन दुरुस्त करते. चाकण पट्ट्यात आठ वर्षं झाली. दार उघडलं की लोक आधी माझ्या मागे बघतात, मेकॅनिक कुठाय म्हणून. मी म्हणते, मीच ती, तेजस्विनी, आत येऊ का? मग चहा येतो, आणि त्याच्याही आधी त्या मशीनचा वास येतो.

लोकांना वाटतं, फेस आला म्हणजे कपडे स्वच्छ झाले. म्हणून मूठमूठ पावडर ओततात, तीही बादलीत धुवायची. तो फेस रबराच्या घडीत साचतो, कुजतो, आणि वर दार गच्च बंद! आमच्याकडची आणखी एक खास अक्कल म्हणजे कंपनीच्या युनिफॉर्मवरचं ऑइल निघावं म्हणून त्याला थिनर चोळायचं आणि तसाच मशीनमध्ये टाकायचा. रबर फुगतं, दार गळतं, मग मला फोन. मॅडम, तुमचं मशीनच भंगार. अहो, मशीन भंगार की तुम्ही?

म्हणूनच कुरुळीत विमलबाईंचं मशीन पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चक्क नाक आत घातलं. चौदा वर्षांचं मशीन, बोअरचं जड पाणी, तरी ड्रम लखलखीत. रबर कोरडं. वास म्हणून नाही. दार बोटभर उघडं राहावं म्हणून त्यात कपड्याचा चिमटा अडकवलेला, साबणाचा कप्पा काढून उन्हात ठेवलेला.

"मावशी, साबण कुठला वापरता?"

"मशीनीचाच, पातळ. दोन चमचं, वर एक थेंब न्हाई. महिन्यातनं एकदा मोकळ्या मशीनीत गरम पाणी नि लिंबाचं सत. धुणं झालं की जुन्या धोतरानं रबर पुसायचं. आन फिल्टर रोज."

"रोज? मी लोकांना महिन्यातून एकदा सांगते, तेही कुणी ऐकत नाही."

"मला रोज बगावं लागतंय."

मी मनातल्या मनात हात जोडले. अशी बाई आठ वर्षांत भेटली नव्हती. मग विचारलं, तक्रार काय?

"आठ दिस झालं, फिल्टर स्वच्छ येतोय."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

त्यांचा मुलगा जयदीप इथल्याच एका कंपनीत पत्रा कापायच्या प्रेसवर होता. तीन वर्षांपूर्वी लग्नावरून बाप-लेकाचं वाजलं. वडिलांनी, म्हणजे मारुतरावांनी, पाहिलेली मुलगी त्याला नको होती. तो सेकंड शिफ्टला म्हणून निघाला, तो ना कंपनीत पोचला ना घरी आला. राजगुरुनगरपासून रावेतपर्यंत सगळे नातेवाईक पालथे घातले. एक युनिफॉर्म त्याच्या अंगावर होता, दुसरा दोरीवर वाळत होता.

"मी तवा गप ऱ्हायले," विमलबाई म्हणाल्या. "येक शब्द बोलले असते तर पोरगं थांबलं असतं."

तो दुसरा युनिफॉर्म त्या रोज धुतात. आणि रोज फिल्टरमध्ये ऑइलचा काळा गाळ येतो, लोखंडाचा कीस येतो. गुरुवार सोडून.

"गुरुवारी का नाही?"

"सुट्टी नसती व्हय कंपनीला?"

त्यांनी फळीवरून बरणी काढली. गळ्यापर्यंत कीस. मी पिशवीतलं लोहचुंबक काचेला लावलं, तसा सगळा कीस उडी मारून त्या बाजूला आला. गंज नव्हता. ताजा होता. मी युनिफॉर्म उजेडात धरला. हजारदा धुतलेला, कॉलर विरलेली, खिशावर जयदीपचं नाव. डाग सोडा, ठिपका नव्हता.

ओट्यावर बसलेल्या मारुतरावांकडे मी बघितलं. माझा संशय त्यांनी ओळखला.

"मी बी आधी हिलाच येडी म्हणलो, पोरी," ते म्हणाले. "मग बरणी भराय लागली."

विमलबाईंनी माझा दंड धरला. "मशीन बिगडलंय ना? बिगडलंय म्हण."

मी पंप पाहिला, बेल्ट पाहिला, पाण्याचा वॉल्व्ह पाहिला. मशीन ठणठणीत होतं. आणि ठणठणीत आहे म्हणायचं म्हणजे त्या माउलीला काय सांगायचं? मी गिऱ्हाइकाशी कधी खोटं बोलत नाही. त्या दिवशी बोलले.

"वॉल्व्हमध्ये कचरा आहे, मावशी. म्हणून होतंय."

वॉल्व्ह उगाच उघडला, उगाच बसवला. मग त्यांनी युनिफॉर्म एकटाच आत टाकला, दोन चमचे साबण घातला आणि मशीन सुरू केलं.

दहा मिनिटांत काचेआडचं पाणी पिवळं झालं.

धुणं संपल्यावर फिल्टर मीच काढला. लोखंड नव्हतं. पिवळं पाणी आणि कुंकू लावलेले तांदळाचे चार दाणे. अक्षता. विमलबाईंनी पाणी बोटावर घेऊन हुंगलं.

"हळद," त्या म्हणाल्या आणि तिथंच ओल्या फरशीवर बसल्या. "अवं, आयकलं का? लगीन लागलं त्याचं! आठ दिस रजा टाकली व्हती त्यानं!"

त्या हसत होत्या आणि रडत होत्या. मारुतराव आत आले, चारी दाणे तळहातावर घेतले आणि दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. मी पैसे न घेता निघाले. दुसऱ्या दिवशी विमलबाईंचा फोन आला, कीस परत यायला लागला म्हणून. त्याचं कारण मला विचारू नका. जे कळलं नाही ते कळलं असं मी म्हणणार नाही.

पुढच्या वर्षी दिवाळी सरून थंडी पडली, तेव्हा परत फोन. "ये. दुरुस्ती न्हाई, पण ये."

त्यांच्या तळहातावर लोकरीचा एक मोजा होता. माझ्या अंगठ्याएवढा. सकाळी फिल्टरमध्ये सापडलेला. मी जवळ नेला तर वेखंडाचा वास.

"येक पाय उगडा असंल गं त्याचा," त्या म्हणाल्या. "थंडी काय पडलीय! बाळाच्या कापडाला साबण कुठला?"

"बिनवासाचा, अर्धा चमचा. लोकर आहे, पाणी गार ठेवा. दोनदा खळबळून घ्या."

त्यांनी मोजा युनिफॉर्मच्या खिशात ठेवला, खिशाचं बटण लावलं. मी दार बंद केलं आणि समोर पाटावर बसून राहिले. चाळीस मिनिटं काचेवरून नजर हलवली नाही.

मशीन थांबलं.

खिशाचं बटण लावलेलंच होतं. खिसा रिकामा.

ड्रममध्ये हात फिरवला. रबराची घडी उलटून पाहिली. फिल्टर काढला. मागचा पत्रा खोलला. मोजा नव्हता.

विमलबाईंनी युनिफॉर्म झटकून उलगडला. डाव्या खांद्यावर पांढरा डाग होता. बाळानं टाकलेलं दूध, फाटलेलं.

"लगेच गार पाण्यानं धुतलं तर निघेल," मी सवयीनं बोलून गेले.

"ऱ्हाऊ दे."

आयुष्यात कपड्यावर डाग न ठेवलेली ती बाई. तिनं तो खांदा गालाला लावला, डोळे मिटले. मग माझा हात धरून त्या डागावर ठेवला.

मशीन गार पाण्यावर चाललं होतं. युनिफॉर्म थंडगार होता.

डाग कोमट होता.