गुहेत कोणीच नव्हतं

नागपूरच्या त्या प्रयोगशाळेत गुहांमधल्या गाळात उरलेली जनुकं वाचली जात, आणि तिथल्या आतल्या दालनाला सगळे ‘सोवळ्यातली खोली’ म्हणत. नाव गमतीनं पडलं होतं, पण शोभत होतं. नखशिखांत झाकून घेतल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, शिंकायचं तर मुळीच नाही. प्रमुख डॉ. कुमुद वैरागडे यांचं सोवळं त्यातही कडक. पाहणीला आलेल्या एका मंत्र्याला त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं, आणि ती गोष्ट त्या अजून चवीनं सांगत.

त्या दिवशी मात्र त्या निकालाचे कागद पुन्हा पुन्हा चाळत होत्या. वणीकडच्या वाघधोंडा गुहेतला सर्वांत खालचा, चाळीस हजार वर्षांपूर्वीचा थर वाचून झाला होता. कोल्हा, साळिंदर, वटवाघूळ यांची जनुकं भरपूर. माणसाचं नाव नाही. गुहा चुनखडीच्या डोंगरात होती आणि डोंगर खाणीला हवा होता. चार वाजता खाणीचा निर्णय देणाऱ्या समितीची दूरबैठक होती. माणसाचा पुरावा नसेल तर सुरुंगांना परवानगी मिळणार होती.

“तुमचा सिद्धांत तर पक्का झाला, मॅडम,” त्यांचा सहकारी डॉ. आल्हाद पोफळी म्हणाला. आफ्रिकेतून निघालेली माणसं किनाऱ्याकिनाऱ्यानं पुढं गेली आणि दख्खन फार काळ रिकामं राहिलं, हे रिकाम्या निघालेल्या गुहांवरून मांडलेलं कुमुदताईंचं मत जगभर शिकवलं जात होतं.

“झाला ना. पण चुलीची राख सापडली, दगडाची पाती सापडली. जेवण हाये आन् जेवणारा नाही, असं कुठं असते का बाप्पा?”

“म्हणूनच मी आज आगाऊपणा केला. चाळणीनं फेकलेलं उघडून पाहिलं.”

चाळणी म्हणजे कुमुदताईंचीच ‘स्ववगळणी’. काम करणाऱ्यांच्या अंगावरून कण झडतात आणि नमुन्यात मिसळतात; म्हणून प्रत्येकाचं मातृसूत्र यंत्राला आधीच दिलेलं असे. त्याच्याशी जुळणारा तुकडा दिसला, की यंत्र तो मळ समजून फेकून देई.

“फेकलेल्यात जवळजवळ सगळं तुमचं आहे, मॅडम.”

कुमुदताईंचा चेहरा पडला. “माह्यं? म्हणजे मीच विटाळ केला?”

“कसा कराल? हा थर खोदला तेव्हा तुमचा पाय प्लास्टरमध्ये होता. तुम्ही ना गुहेत आलात, ना सोवळ्यातल्या खोलीत.”

कुमुदताईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग खुर्ची पुढं ओढली. “तुकड्यांची टोकं पाहिली?”

“पाहिली. झिजलेली आहेत.”

चार वाजता पडद्यावर समितीचे अध्यक्ष घोडमारे आले. ते निवृत्त अभियंते होते आणि न समजलेल्या गोष्टीवर मान डोलावणाऱ्यांतले नव्हते.

“मातृसूत्र म्हणजे काय, ते आधी सांगा.”

“आईकडून लेकरांना मिळतो तो जनुकांचा धागा,” कुमुदताई म्हणाल्या. “लेकीकडून तो पुढं नातीला जातो. हजारो वर्षांत एखाद-दुसरी खूण बदलते, बस्स. एवढा फरक वाचनातली चूक म्हणून आमची चाळणी माफ करते. त्यामुळं तिला मी आणि माझ्या आईच्या आईची कुठलीही पणजी सारखीच.”

“आणि टोकं?”

“तुकडा जुना झाला की टोकांशी झिजतो. माझा कालचा कण असा झिजत नाही.”

“एकाच बाईचे एवढे कण?”

“एकाच घराण्याचे,” आल्हाद म्हणाला. “मुली तिथंच राहत असाव्यात. दुसऱ्या सूत्रांचे मोजके तुकडेही आहेत. ते चाळणीतून सुटले होते, पण इतके थोडे की आम्ही चूक समजून सोडून दिले. ते घरजावई असणार.”

घोडमारे हसले नाहीत. “डॉक्टर, बाकीच्या रिकाम्या गुहांचं काय?”

हा प्रश्न कुमुदताईंनी तासाभरापूर्वी स्वतःलाच विचारला होता. दख्खनमधल्या त्या प्रत्येक गुहेत त्या जातीनं गेल्या होत्या, आणि प्रत्येक चाळणीत पहिलं सूत्र त्यांचं होतं. आल्हादनं जुनं फेकलेलं भराभर उघडलं होतं. बहुतेक ठिकाणी तेच सूत्र, तीच झिजलेली टोकं.

“दख्खन रिकामं नव्हतं, साहेब. मी जिथं जिथं गेले, तिथं तिथं ते मीच रिकामं केलं. माझा सिद्धांत आजपासून बाद समजा.” एवढं बोलून त्या चक्क हसल्या. आयुष्यभराचं काम पाण्यात गेलं होतं, तरी इतकं नवल त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

“टोकांवर मी विसंबणार नाही. उद्या खाणवाले म्हणतील, कण बाईंचेच,” घोडमारे म्हणाले. “सुरुंग थांबवतो. पण नवा नमुना तुमच्या सूत्राच्या माणसानं घ्यायचा नाही. चाळणीतून तुमचं सूत्र काढायचं, तर तुम्हीही गुहेपासून लांब राहायचं. यापुढं कायमचं. कबूल?”

आल्हादनं कुमुदताईंकडे पाहिलं. त्यांनी टेबलावरचा गुहेचा नकाशा घडी करून त्याच्यापुढं सरकवला.

“कबूल.”

पुढच्या पंधरवड्यात आल्हाद दोघा मदतनिसांना घेऊन गुहेत उतरला. कुमुदताई समोरच्या उतारावर, आखून दिलेल्या दोरीबाहेर, मोहाच्या झाडाच्या सावलीत बसल्या होत्या. माहेर सापडलं होतं आणि उंबरठा ओलांडायची बंदी होती. त्यांना वाईट वाटत होतं, फार वाईट, आणि ते त्या लपवतही नव्हत्या. हातातल्या वॉकीटॉकीवर त्या सारख्या काहीबाही विचारत होत्या.

“चूल कुठं आहे रे?”

“शिरल्याबरोबर डावीकडे, मॅडम. कपारीच्या आडोशाला.”

“आन् निजायची जागा?”

“मागं असावी. तिथली जमीन सपाट केलेली वाटते. लहान लेकरांना ऊब लागेल अशी.”

त्या आणखी काही विचारणार होत्या. तेवढ्यात मोहाची पानं हलली. वारा त्यांच्या पाठीकडून येऊन गुहेच्या तोंडाकडे वाहू लागला होता.

कुमुदताईंनी पदर अंगाभोवती घट्ट लपेटला आणि त्या उठल्या. एकदा गुहेकडे पाहून घेतलं आणि भराभर उतार उतरून लांब जाऊ लागल्या.