मंगळवार पेठेत ठेवलेलं प्रस्थान

ये गं पोरी, अशी जवळ सरक. पाऊस पत्र्यावर बडवायला लागलाय, लांबून ऐकू यायचं नाही. तुला एक गोष्ट सांगते... जहाजाची आहे, पण घडली आपल्या कोल्हापुरातच. बुवा कसे आधी देवाला आळवतात आणि मग आख्यान लावतात, तशी मीही आधी अंबाबाईला हात जोडते. हं, आता ऐक.

आषाढ सरत आला होता. मंगळवार पेठेत संध्याकाळी अशी सर कोसळली, की क्रांतीनं हातातली फाईल छातीशी धरली आणि समोर दिसली ती पायरी चढली. वर पाटी होती – ‘सर्व प्रकारचे विमे’. दारात एक उंच, चष्मेवाला तरुण उभा होता.

“आत या की पावणं. भिजायलाय कशाला?”

“भिजत नाही, फाईल वाचवतेय,” ती म्हणाली. मग पाटीकडं बघून म्हणाली, “बरं झालं. मला विमाच पाहिजे. विमान रद्द झालं तर उपयोगी पडेल असा.”

त्यानं खुर्ची पुढं सरकवली. त्याचं नाव अनेकांत. खाली ऑफिस, वर घर. घरात तो आणि त्याची आई, सीताबाई.

“कुठं निघालाय?”

“सिंगापूरला. तिथनं जहाजावर.”

“हनिमूनला?”

“आईबरोबर!” तिनं डोळे वटारले. आणि अनेकांत... हसला की लाजला, तिला नीट कळलं नाही.

तिनं सगळं सांगितलं. तिचा थोरला भाऊ कृष्णात प्रवासी जहाजावर आचारी आहे. तीन वर्षं घरी आलेला नाही. कंपनीनं त्याच्या आईला आणि बहिणीला चार रात्रींचा पास दिलाय. शुक्रवारी दुपारी चारला जहाज सिंगापूर सोडणार. त्या फेरीनंतर ते जगाच्या पार दुसऱ्या टोकाला जाणार. मग कृष्णात कधी दिसेल, देव जाणे.

“गुरुवारी निघायचं ठरवलंय. तिकिटं उद्या काढीन. मधेच विमान रद्द झालं तर? म्हणून विमा. कुठला घ्यायचा ते तेवढं सांगा.”

अनेकांतनं तीन कागद टेबलावर मांडले आणि बारीक अक्षरं वाचायला लागला. पहिला, दुसरा, तिसरा... चहा आला, गार झाला.

“हा पहिला विमान रद्द झालं तर भरपाई देतो. दुसरा उशीर झाला तर राहायची सोय करतो. तिसऱ्यात ही दोन्ही हायत, शिवाय जहाज हुकलं तर पुढच्या बंदरात नेऊन पोचवतात – पण तुम्ही पुरेसा वेळ हातात ठेवून निघाला असाल तरच.”

“मग सगळ्यात चांगला कुठला?”

“तिसरा. पण गुरुवारी निघणार असाल तर मी तुम्हाला एकही विकणार न्हाय.”

“का? गिऱ्हाईक नको झालंय?”

“गिऱ्हाईक पायजे की. पण हे कागद भरपाई देतात, जहाज थांबवत न्हाईत.”

“मग थांबवणारा विमा द्या.”

“तसला अजून निघाला न्हाय.”

“मग काढा!”

दोघंही हसले. मग तो हळूच म्हणाला, “एक दिवस आधी निघा. बुधवारी.”

क्रांतीनं तिन्ही कागद उचलले. “हे मी घरी नेऊन वाचते. डेअरीत दुधातलं पाणी शोधायचं काम करते मी. तुमच्या कागदातही शोधीन.”

“आणि माझ्यात?”

“तेही बघू...” असं म्हणून ती उतरली. पाऊस कधीच थांबला होता, दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

पण घरी शालूबाईंनी, म्हणजे क्रांतीच्या आईनं, पाय रोवला. “बुधवारी? अगं, दिव्याची अवस हाय. अवसेला मी प्रवासाला उंबरा ओलांडणार न्हाय. बोट चुकली तर चुकली.”

“आई, दादा चुकेल!”

शालूबाईंचे डोळे भरले, पण मान हलली नाही. तीन वर्षं त्या एकच गोष्ट म्हणत होत्या – जगाला रांधून घालतोय माझा लेक, त्याला कोण वाढतंय? एकदा समोर बसवून वाढायचं होतं त्यांना. पण नेम म्हणजे नेम.

क्रांतीही त्यांचीच मुलगी. ती रोज संध्याकाळी मंगळवार पेठेत जायला लागली. आज या अटीचा अर्थ, उद्या त्या कलमाचा. खरं तर अर्थ पहिल्याच दिवशी कळला होता... पण चष्मा वर सरकवून तो वाचायला लागला, की आवाज असा लागायचा, की कलमसुद्धा ओवीसारखं वाटावं.

“तुमच्या आई न्हाय म्हणाल्या तर?” एकदा त्यानं विचारलं.

“तर मी अजून विचारीन.”

“आणि परत न्हाय म्हणाल्या तर?”

“तुम्हाला कोल्हापूरची बाई माहीत नाही वाटतं?”

“वरती एक हाय की. तिच्याच धाकात वाढलोय,” तो म्हणाला, आणि वरून सीताबाईंचा आवाज आला, “ऐकू येतंय मला!”

“ऐकावं म्हणूनच बोललो, अव्वा!”

मग आला रविवार. शालूबाई कीर्तनाला गेल्या. क्रांतीनंच नेलं त्यांना. बुवांनी आख्यानात जुन्या काळचा एक यात्रेकरू आणला. त्याच्याही निघायच्या दिवशी तिथी आडवी आली. मग त्यानं काय केलं? आदल्या दिवशी शुभ वेळ पाहून आपलं गाठोडं वाटेवरच्या घरी नेऊन ठेवलं. गाठोडं निघालं म्हणजे माणूस निघालं. प्रस्थान झालं! झांजा वाजल्या, आणि शालूबाईंनी लेकीचा हात गच्च धरला.

“मंगळवारी प्रस्थान ठेवायचं. मग बुधवारी सकाळी दिवे पुजून मी मोकळी.”

क्रांतीला रडू आणि हसू एकदमच फुटलं. “कुणाकडं ठेवायचं?”

“घर जायच्या वाटेवर पायजे. आणि आपल्या माणसाचं पायजे.”

“विमानतळाच्या वाटेवर आपलं कोण आहे?”

शालूबाईंनी पदर सावरला. “मंगळवार पेठेत हाय की. तो विम्यावाला.”

“आई! तो आपला कुठं आहे?”

“न्हाय? मग रोज कशाला जातीस? आपला करून घे आणि गाठोडं ठेव. वेळ थोडा हाय.”

मंगळवारी क्रांती गाठोडं घेऊन गेली. पिवळ्या फडक्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि आईचं एक पातळ. अनेकांतनं ते दोन्ही हातांनी घेतलं – बोटाला बोट लागलं.

“हे आपल्या माणसाच्या घरी ठेवतात,” ती म्हणाली.

“व्हय?” त्यानं गाठोडं छातीशी धरलं. “मग... मी जपतो.”

सीताबाईंनी गाठोडं देवळीत ठेवलं. बुधवारची तिकिटं कीर्तनाच्याच रात्री काढून झाली होती, आणि तिसरा विमा, तोच, त्या संध्याकाळी निघाला.

बुधवारी दिवे पुजले, वाटेत गाठोडं घेतलं, दुपारी कोल्हापूरहून मुंबई गाठली. रात्री मुंबईत असा पाऊस, की सिंगापूरचं विमान रद्द! फलक लाल झाला. शालूबाई बाकावर बसल्या आणि जपमाळ ओढायला लागल्या. क्रांतीनं फोन लावला.

“घाबरू नका,” अनेकांत म्हणाला. “रद्द झाल्याचा कागद मागून घ्या, फोटो पाठवा. बाकीचं मी बघतो. उद्या रात्रीच्या विमानात जागा मागा. काउंटर सोडू नका.”

“सोडतेय होय!”

तिनं काउंटर सोडलं नाही. समोरच्या बाई चार वेळा ‘बघते’ म्हणाल्या, ही पाचव्यांदा विचारत राहिली. अखेर गुरुवार रात्रीची दोन तिकिटं हातात पडली. हॉटेलची सोय विम्यातून झाली. हेच गुरुवारी निघून झालं असतं, तर हाताशी दुसरी रात्रच उरली नसती, बाई!

शुक्रवारी दुपारी दोनला त्या जहाजावर चढल्या. पांढऱ्या टोपीतला कृष्णात धावत आला आणि आईच्या पायावर डोकं ठेवून तसाच राहिला. शालूबाई एवढंच म्हणाल्या, “वाळलास रे.”

पावणेचारला क्रांती कठड्याशी उभी राहिली. किनारा सुटला की फोन लागणार नव्हता.

“पोचलो,” ती म्हणाली.

“देव पावला!” अनेकांतनं सोडलेला श्वास तिला इथपर्यंत ऐकू आला. “आता निवांत–”

“थांबा. मी बुधवारी परत येते. मला तुमच्याशी लग्न करायचंय. तुम्हाला करायचं नसेल तर आत्ताच सांगा. चार दिवस माझ्या जेवणाचे हाल नकोत.”

पलीकडं खुर्ची पडल्याचा आवाज. मग लांबून सीताबाई, “अरे, बोल की, दगडा!”

“व्हय,” तो म्हणाला. “व्हय, व्हय... शंभरदा व्हय.”

जहाजाचा भोंगा वाजला आणि फोन गेला.

त्या रात्री कृष्णातची पाळी संपल्यावर शालूबाईंनी त्याला बसवलं. ताट त्याच्याच स्वयंपाकघरातलं, पण वाढणारा हात आईचा. तो मान खाली घालून जेवत राहिला, आणि त्या वाढत राहिल्या.

मार्गशीर्षात लग्न झालं. दोन्ही घरचे देव आले, दोन्ही घरची माणसं आली. कृष्णातला सुट्टी मिळाली नाही. तो जगाच्या त्या टोकाला होता. त्यानं फोनवर मंगलाष्टकं ऐकली आणि पुन्हा कामाला लागला.

म्हणून पोरी, एक मागते तुझ्याजवळ. आज जेवायला बसशील, तेव्हा पहिला घास घ्यायच्या आधी कृष्णातची आठवण काढ. कुठल्या समुद्रावर कुणाकुणाची ताटं वाढत उभा असेल तो, जेवला असेल का नाही... एवढं मनात आण. बाकी देव बघतो.