शिफ्ट दाबून

डावखुरी म्हणून ऑफिसात तिचं नावच डावरी पडलं होतं. माऊसही डाव्या हातात. स्क्रीनवरच्या नकाशात काही निवडायचं तर तिचा निवडीचा चौकोन हटकून उजवीकडून डावीकडे ओढला जायचा, आणि तसा ओढला की त्याला नुसता स्पर्श झालेली रेघसुद्धा निवडीत यायची. हवं असायचं दार, आणि मागोमाग भिंत, खाट, सगळं लटांबर! साहेब चिडवायचे, "अगं डावरे, चुकलं की सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून कशाला? शिफ्ट दाब, नको त्यावर क्लिक कर. तेवढंच सुटतं."

त्या दुपारी ती आईबाबांच्या घराचा नकाशा करत होती. ऑपरेशननंतर बाबांची चाकाची खुर्ची खोलीच्या दारातून जाईना, म्हणून दार रुंद करायचं होतं. तिने चौकोन ओढला. दार आलं, भिंत आली, खाट आली. आणि खाटेजवळची दोन माणसं.

नकाशात माणूस वरून दिसतो तसा काढतात: डोक्याचा गोल, त्याला खांदे. एक उशाशी होतं, एक पायथ्याशी. तिने तर माणसं काढलीच नव्हती.

"कुणाचा हा चावटपणा?" ती पुटपुटली. शिफ्ट दाबून तिने दोघांना निवडीतून सोडवलं. तशी दोन्ही माणसं खाटेकडे किंचित सरकली.

तिने घरी फोन लावला.

"आई, बाबांजवळ कोण आहे गं?"

"मीच. दुसरं कोण असणार?"

"उशाशी बसलीयस की पायथ्याशी?"

"उशाशी."

म्हणजे बाबांच्या पायाशी जे होतं, ते आई नव्हतं. फोन कान आणि खांद्यात दाबून तिने घाईघाईने चौकोन ओढला. सवयीने उलटाच. खाट आली, दोन्ही माणसं आली. देवा रे! खाटेसकट पुसलं गेलं असतं तर?

शिफ्ट. खाटेवर क्लिक. खाट सुटली.

उशाशी क्लिक. आई सुटली.

पुन्हा एकदा नीट पाहिलं. पायथ्याचं तेवढं निवडलेलं होतं. तिने डिलीट दाबलं.

फोनमध्ये लांबून बाबांचा आवाज आला, अर्धवट झोपेतला. "अगं, पाय चेपता चेपता कुठे गेलीस?"

पुसलेलं परत यावं म्हणून तिने कंट्रोल-झेड दाबलं. पुन्हा दाबलं. सकाळी पुसलेली जुनी भिंत परत आली. पायथ्याशी काही आलं नाही.

"आई?" तिने फोन कानाशी घट्ट धरला. "आई, बोल ना गं!"

"किती घाबरतेस," आईचाच आवाज, अगदी कानाशी. "मी बघते हो आता त्यांच्याकडे."